सिस्टर फक्त इंजेक्शन देत नाहीत: परिचारिकांचं शिक्षण, अधिकार आणि आपले वाचलेले जीव



रुग्ण दवाखान्यात भरती असतो तेव्हा डॉक्टर दिवसातून साधारण दोनदा राउंडला येतात. प्रत्येक वेळी त्याच्याजवळ पाच-दहा मिनिटं थांबतात. म्हणजे २४ तासांतले साधारण साडेतेवीस तास तो परिचारिकांच्या नजरेखाली असतो. श्वास वाढला, लघवी कमी झाली, सलाईनची जागा सुजली, पेशंट रात्री बरळायला लागला, हे सगळं आधी सिस्टरला कळतं. डॉक्टरला ते तिच्याकडून कळतं. सुट्टी होताना पेढे मात्र डॉक्टरच्या टेबलावर येतात.

आपल्याकडे समज असा आहे की नर्स म्हणजे डॉक्टरची मदतनीस. डॉक्टरने सांगायचं, तिने करायचं. इतिहास वेगळं सांगतो. परिचारिकेला जेव्हा जेव्हा नीट शिक्षण मिळालं आणि त्यासोबत निर्णय घेण्याचा थोडा अधिकार मिळाला, तेव्हा तेव्हा मृत्यू कमी झाले. आजचा लेख या इतिहासाबद्दल आहे. त्यातला बराच भाग आपल्या महाराष्ट्रात आणि वऱ्हाडात घडलेला आहे.

आकडे मांडणारी परिचारिका

सुरुवात फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून करावी लागते. 'हातात दिवा घेतलेली बाई' हे तिचं चित्र शाळेच्या पुस्तकातून आपल्या डोक्यात बसलेलं आहे. तिचं खरं काम मात्र वहीत होतं.

१८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात ती ३८ स्त्रियांना घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचली. तिथे सैनिक जखमांपेक्षा हगवण, विषमज्वर आणि टायफस यांनी जास्त मरत होते. ती आल्यानंतरच्या हिवाळ्यातही मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये भरती झालेल्या शंभरांमागे सुमारे ४२ जण दगावत होते. मग इंग्लंडहून स्वच्छता आयोग आला. त्याने तुंबलेली गटारं उपसली, पाणी सुधारलं, खिडक्या उघडल्या. जूनपर्यंत हे प्रमाण शंभरामागे दोनच्या आसपास आलं. तेव्हा अँटिबायोटिक नव्हतं, सलाईन नव्हतं.

नाइटिंगेलने युद्धानंतर या सगळ्या नोंदी तपासल्या, त्यांचे तक्ते आणि आकृत्या काढल्या आणि सरकारपुढे ठेवल्या. स्वच्छता आणि काटेकोर शुश्रूषा यांनी माणसं वाचतात, हे तिने आकड्यांनी दाखवलं. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाची प्रशिक्षण शाळा सुरू झाली. तोपर्यंत रुग्णालयात शुश्रूषा करणं हे हलकं काम मानलं जाई, आणि ते करणाऱ्या बायकांना कोणी काही शिकवत नसे. या शाळेनंतर शुश्रूषा हा शिकून करायचा व्यवसाय झाला.

ती भारतात कधीच आली नाही, पण भारताचा अभ्यास तिने अनेक वर्षं केला. इथल्या ब्रिटिश फौजेत दरवर्षी हजारामागे ६९ सैनिक मरतात, हे १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालात पुढे आलं. छावण्यांतलं पाणी, गटारं आणि राहण्याची जागा सुधारल्यावर दहाएक वर्षांत हा आकडा हजारामागे १८ पर्यंत उतरला. सैनिकांवरून तिचं लक्ष खेड्यांकडे गेलं. खेड्यांच्या स्वच्छतेबद्दल ती इथल्या अधिकाऱ्यांना आणि संस्थांना लिहीत राहिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता.

कामा, डफरीन, लेडी हार्डिंग

आपल्याकडे अडचण वेगळी होती. पुरुष डॉक्टरने बाईला तपासणं घरच्यांना मान्य नसे. बाळंतपण सुईणीच्या हाती. सुईण अनुभवी असे, मायेने करत असे; पण हात धुणं, नाळ स्वच्छ पात्याने कापणं यामागचं कारण तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. बाळंतज्वर आणि नवजात बाळाचा धनुर्वात यांनी किती आया आणि बाळं गेली, याची मोजदादही झाली नाही.

१८८३ च्या अखेरीस डॉ. एडिथ पीची ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. १८८६ मध्ये पेस्तनजी होर्मसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रिया आणि मुलांसाठी कामा हॉस्पिटल उभं राहिलं. डॉ. पीची यांनी तिथे परिचारिकांना शिकवायला सुरुवात केली. स्त्रियांचं रुग्णालय चालवायचं तर एकट्या डॉक्टरीणबाई पुरणार नाहीत, शिकलेल्या परिचारिका लागतील, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. पुढे १८९१ साली प्रशिक्षणाला आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत यांचं नाव नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत दिलेलं असतं. त्यांच्याबद्दल याहून फारसं कुठे वाचायला मिळत नाही. या व्यवसायातल्या बहुतेक स्त्रियांचं असंच झालं.

१८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांच्या नावाने एक फंड सुरू झाला. स्त्री डॉक्टर, परिचारिका आणि सुईणी तयार करणं आणि स्त्रियांसाठी रुग्णालयं काढणं हे त्याचं काम. आपल्या वऱ्हाडात अजूनही अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक 'डफरीन'च म्हणतात आणि अकोल्याच्या स्त्री रुग्णालयाला 'लेडी हार्डिंग'. ही नावं त्याच काळातून आलेली आहेत.

बुलढाण्याची ताराबाई आणि पुण्याच्या रमाबाई

रुग्णालयं झाली, पण शिकायला मुली कुठून आणायच्या? परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र साफ करायचं, जातपात न बघता पाणी पाजायचं आणि रात्री घराबाहेर राहायचं. हिंदू घरांतून, विशेषतः उच्चवर्णीय घरांतून, मुली येईनात. म्हणून सुरुवातीच्या बहुतेक परिचारिका ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन किंवा पारशी होत्या. मिरजेला डॉ. वॉनलेस यांच्या मिशन हॉस्पिटलासारख्या ठिकाणी ख्रिस्ती मुलींनी हे काम उचललं. आपल्या राज्यातल्या परिचर्येचा पाया त्यांनी घातला, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

याच काळात, १८८२ मध्ये, आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. सुरतेकडच्या एका विधवेला बालहत्येच्या आरोपाखाली शिक्षा झाली, त्यावरून वर्तमानपत्रांत सगळ्या बायकांना नावं ठेवली गेली, आणि त्या संतापातून हे पुस्तक आलं. विधवेला घरात मान नाही, बाहेर काम नाही, पुन्हा लग्न नाही. मग तिने जगायचं कसं, हा त्यातला रोख होता.

या प्रश्नाचं एक व्यवहारी उत्तर पुण्यात रमाबाई रानडे यांनी शोधलं. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले. १९०९ मध्ये रमाबाईंच्या नेतृत्वाखाली पुण्याचं सेवासदन सुरू झालं. १९११ च्या सुमारास सेवासदनाच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या. यांत तरुण विधवा होत्या. रमाबाई स्वतः विधवा, घराणं नामवंत. त्यांनी हमी घेतली, राहण्याची सोय केली, म्हणून घरचे लोक मुली पाठवायला तयार झाले. ज्या बाईला घरात अपशकुनी म्हणत, तीच शिकून आली की तिच्या हातून बाळंतपण करून घ्यायला लोक येऊ लागले. वैद्यकीय इतिहासात या कामाची जितकी दखल घ्यायला हवी तितकी घेतली जात नाही.

नोंदणी, कायदा आणि एक हिशेब

परिचारिका आता संघटितही होऊ लागल्या. १९०८ मध्ये ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटना उभी राहिली. अभ्यासक्रम ठरलेला असावा, परीक्षा एकसारखी असावी, आणि पास झालेलीचं नाव सरकारी नोंदवहीत असावं, ही परिचारिकांची मागणी होती. आपल्याला वाटतं नोंदणी म्हणजे कागदी काम. पण नोंदणी नसेल तर शिकलेली कोण आणि न शिकलेली कोण हे रुग्णाला कळणार कसं? १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि १९६६ मध्ये महाराष्ट्राचा स्वतंत्र परिचारिका कायदा आला.

आपल्या शेजारी वाशीमला १९३८ मध्ये डॉ. ऑर्फा स्पीचर या मिशनरी डॉक्टरीणबाईंनी शाळेच्या जुन्या इमारतीत रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं. परदेशातून आलेल्या जीन डार्लिंग या परिचारिकेने तिथल्या नर्सिंग स्कूलची घडी बसवली. मुंबई-पुण्याला न जाता वऱ्हाडातल्या मुलींना हे शिक्षण घेता येऊ लागलं.

तरीही गरजेच्या मानाने हे काहीच नव्हतं. १९४६ च्या भोर समितीने मोजलं तेव्हा अखंड भारतात परिचारिका होत्या सुमारे ७,०००. म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. आपल्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे २५ लाख ८६ हजार होती. त्या प्रमाणाने आज अख्ख्या जिल्ह्याला, मलकापूरपासून लोणारपर्यंत, फक्त ६० परिचारिका आल्या असत्या! भोर समितीने शिक्षण वाढवण्याची जोरदार शिफारस केली. त्याच १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर इथे बी.एस्सी. नर्सिंगचे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले.

गावात आलेली नर्सबाई

स्वातंत्र्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं झाली. त्यांच्यासोबत एएनएम आली. सरकारी भाषेत आरोग्यसेविका, गावाच्या भाषेत नर्सबाई. नियमाप्रमाणे सपाटीवर ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र. आदिवासी आणि डोंगराळ भागात ३,००० लोकांमागे एक. जळगाव जामोद, संग्रामपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या वाड्यांवर शासनाची आरोग्यसेवा म्हणून लोकांना वर्षानुवर्षं जो चेहरा दिसला तो नर्सबाईचाच. लसीचा डबा, बीपीचं यंत्र, वजनकाटा आणि भलंमोठं रजिस्टर घेऊन ती येते. देवी गेली, पोलिओ गेला. २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्त प्रमाणपत्र मिळालं, त्यामागे तिने घरोघर केलेल्या फेऱ्या आहेत.

अधिकाराचा मुद्दा इथे फार स्पष्ट दिसतो. बाळंतपणानंतर माता दगावण्याचं मोठं कारण म्हणजे रक्तस्राव. गर्भाशय आवळलं नाही तर तासा-दोन तासांत बाई हातची जाते. दुसरं कारण म्हणजे बीपी वाढून येणारे झटके. या दोन्हींवर पहिलं औषध लगेच लागतं: एकाला ऑक्सिटोसिन, दुसऱ्याला मॅग्नेशियम सल्फेट. पूर्वी एएनएमने ही औषधं स्वतःहून द्यायची नसत, डॉक्टर हवा. डॉक्टर वीस किलोमीटरवर आणि रस्ता चिखलाचा. नंतर सरकारने एएनएमना प्रशिक्षण देऊन पहिला डोस देण्याची आणि मग रुग्ण वर पाठवण्याची परवानगी दिली. सुई तीच, औषध तेच. शिक्षण आणि परवानगी, एवढंच नवीन होतं.

महाराष्ट्रात २००१-०३ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. रस्ते, १०८ ची गाडी, रक्तसाठा, दवाखान्यातली बाळंतपणं आणि डॉक्टर, सगळ्यांचा यात वाटा आहे. पण यातल्या प्रत्येक टप्प्यावर गर्भवतीच्या सर्वांत जवळ कोण उभं होतं, ते आपण पाहिलेलं आहे.

के.ई.एम.च्या परिचारिका

उत्तम शुश्रूषा म्हणजे काय, हे दाखवणारं उदाहरण मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातलं आहे. अरुणा शानबाग ही तिथली तरुण परिचारिका. नोव्हेंबर १९७३ मध्ये एका वॉर्डबॉयने तिच्यावर हल्ला आणि अत्याचार केला. गळा आवळल्याने मेंदूला रक्त मिळालं नाही आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. त्या घटनेनंतर मुंबईतल्या परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी संप केला. पुढे तिला रुग्णालयाबाहेर हलवण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा त्यांनीच विरोध करून ते थांबवले. १८ मे २०१५ रोजी ती गेली. जवळपास साडेएकेचाळीस वर्षं के.ई.एम.च्या परिचारिकांनी तिची शुश्रूषा केली. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली.

एवढ्या काळानंतरही सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांना तिच्या अंगावर एकही बेडसोअर आढळला नाही. याचा अर्थ समजून घेऊ. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते आणि बारीक रक्तवाहिन्या बंद होतात. काही तासांतच कातडी मरायला लागते. माकडहाड, टाचा, खुबा इथे आधी लाली, मग जखम, मग हाडापर्यंत खड्डा. हे टाळायला दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, अंग कोरडं ठेवावं लागतं, पोटात पुरेशी प्रथिनं जावी लागतात. दिवसाला बारा वेळा कूस. साडेएकेचाळीस वर्षांचा हिशेब केला तर तो पावणेदोन-दोन लाखांच्या घरात जातो. घरी पक्षाघाताचा रुग्ण सांभाळलेल्या वाचकांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

२०११ मध्ये अरुणाच्या दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. तिच्याबद्दल बोलण्याचा अधिकार याचिका करणाऱ्यांचा नसून इतकी वर्षं तिला सांभाळणाऱ्या के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांचा आहे, असं न्यायालयाने म्हटलं. दयामरणाबद्दल मतं वेगळी असू शकतात. पण जी रुग्णाला रोज पाहते तिचं म्हणणं ऐकलं पाहिजे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं.

शिकलेली परिचारिका म्हणजे कमी मृत्यू

ही केवळ भावनेची गोष्ट नाही. २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातल्या नऊ देशांमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. ३०० रुग्णालयं, शस्त्रक्रिया झालेले चार लाखांहून अधिक रुग्ण. एका नर्सवर एक रुग्ण वाढला की महिनाभरात मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. आणि पदवीधर परिचारिकांचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की ती ७ टक्क्यांनी कमी होत होती.

असं का होतं? कारण रुग्ण एकदम खालावत नाही. आधी श्वासाचा वेग वाढतो, नाडी पळते, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, मग बीपी पडतं. शिकलेली आणि हाताशी वेळ असलेली परिचारिका पहिल्या खुणेवरच डॉक्टरला फोन करते. तीस-चाळीस पेशंट एकटीने सांभाळणारी सिस्टर कितीही मायाळू असली तरी तिला ती खूण दिसायला वेळ लागतो.

आज आपल्याला काय करता येईल?

आधी कोण कोण असतं ते पाहू. एएनएमचा कोर्स दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्यापुढे एम.एस्सी. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी पदं असतात. अधिसेविका म्हणजे आपण जिला मेट्रन म्हणतो ती. २०१८ पासून उपकेंद्रांचं आरोग्यवर्धिनी केंद्रात रूपांतर सुरू झालं. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात. त्यांत अनेक जण नर्सिंगचे पदवीधर आहेत आणि ते बीपी-शुगरचे रुग्ण स्वतः तपासतात. नाइटिंगेलपासून सुरू झालेला रस्ता इथवर आला आहे.

अडचणीही आहेत. पदं रिकामी असतात, एकेकीवर दोन-तीन जणींचं काम असतं. लहान गावांतल्या काही खासगी दवाखान्यांत तर पांढरा ड्रेस घातलेली मुलगी कुठलाही कोर्स न केलेली असते. यात तिचा दोष नाही. पण धोका तुमचा आहे.

म्हणून काही साध्या गोष्टी:

१. भरती होताना 'इथे रात्री नोंदणीकृत नर्स असते का?' हे विचारा. खाटा किती, एसी आहे का, हे विचारतोच ना आपण?

२. 'इंजेक्शन डॉक्टरांनीच द्यावं' असा हट्ट धरू नका. शिकलेल्या सिस्टरचा हात त्या कामात बहुतेक डॉक्टरांपेक्षा जास्त बसलेला असतो.

३. रुग्णात काही बदल वाटला तर डॉक्टरच्या राउंडची वाट न पाहता लगेच सिस्टरला सांगा.

४. औषधांची ॲलर्जी, घरी चालू असलेल्या गोळ्या सिस्टरला सांगा. औषध देण्याआधी ती नाव विचारते तेव्हा चिडू नका. चुकीच्या रुग्णाला औषध जाऊ नये म्हणून ती विचारते.

५. रुग्ण अंथरुणाला खिळलेला असेल तर घरी नेण्यापूर्वी कूस कशी बदलायची, नळीतून कसं भरवायचं हे तिच्याकडून हातात धरून शिकून घ्या.

६. गावातल्या नर्सबाई आणि आशाताई गर्भवतीला वर पाठवायला सांगतात तेव्हा 'उद्या बघू' म्हणू नका.

७. घरातल्या मुलीला किंवा मुलाला नर्सिंगला जायचं असेल तर अडवू नका. कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, एवढं मात्र पाहा. मुलीला रात्रपाळी असते म्हणून स्थळ मोडणारी घरं मी आजही पाहतो. रमाबाईंना शंभर वर्षांपूर्वी ज्या शंका ऐकाव्या लागल्या असतील, त्या अजून आपल्या उंबऱ्यावर उभ्या आहेत. त्यांना आता तरी निरोप द्यायला हवा.

दरवर्षी १२ मे, नाइटिंगेलचा जन्मदिवस, जागतिक परिचारिका दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी फुलं जरूर द्या. बाकीचे ३६४ दिवस ती काही सांगत असेल तर ते नीट ऐकून घ्या.